पिकअपच्या हौद्यात सामान बसवायचंय: फळी, वेल्डिंगचा रॅक की चॅनल?

आधीच सांगून टाकतो, ही तुलना मोटरवाल्याच्या नजरेनं केलेली आहे. माझं काम बोअरच्या मोटरी काढायचं आणि सोडायचं. राहतो सोलापुरात होटगी रोडला, पण दिवस जातो मंद्रूप, कामती, मंगळवेढा, मोहोळ नाहीतर अक्कलकोटच्या बाजूला कुठंतरी. हौद्यात रोज तेच सामान असतं, तिपाई, चेन कप्पी, पाईप पाने, क्लँपांची पेटी, केबलचं बंडल, आणि येताना बहुतेक वेळा जळालेली मोटर आणि तिच्यासोबत चार-सहा कॉलम पाईप, म्हणजे बोअरमध्ये मोटर ज्यांच्यावर सोडतात ते पाईप. तुम्ही मंडपवाले असाल, साऊंडवाले असाल, ड्रिपचं सामान पोचवत असाल तर तुमचं गणित थोडं वेगळं निघेल, पण हौदा सगळ्यांचा एकच असतो आणि कच्च्या रस्त्यावर सामान उडतं तेही सगळ्यांचं सारखंच उडतं.

मी तिन्ही प्रकार स्वतः वापरलेत. पहिली दोन वर्षं लाकडी फळ्यांचा तळ, मग तीन वर्षं वेल्डिंगचा रॅक, आणि आता हा तिसरा पावसाळा चॅनलवर, म्हणजे नट-बोल्टनं बसवायच्या पन्हळीसारख्या लोखंडी पट्ट्यांवर. त्यामुळं खाली जे लिहितोय त्यात मोजमाप कमी आणि अनुभव जास्त आहे. कुणाचा अनुभव उलटा असू शकतो, त्याला माझी ना नाही.

नुसत्या दोरीवर आणि रॅचेट बेल्टवर चालवणाऱ्यांबद्दल एवढंच म्हणेन, की महिन्यातून एखादी खेप असेल तर दुसरं काही करूच नका. रोजचं काम असेल तर मात्र दोरी बांधण्या-सोडण्यातच वेळ जातो, आणि आपल्याकडच्या उन्हात बेल्ट वर्षभरात कडक होऊन कडेनं उसवायला लागतो. बेल्ट लागतोच, पण तो बसवलेलं सामान दाबून धरायला. सगळा भार त्याच्यावर टाकला की पहिल्या मोठ्या खड्ड्यात कळतं.

आता फळी. लाकडाचं चांगलं काय, तर कुठल्याही सुताराकडं होतं, स्वतःला हातोडी धरता येत असेल तर घरीही होतं. मी 19 एमएमचं प्लाय हौद्याच्या मापानं कापून घेतलं, त्यावर बाभळीच्या पट्ट्या ठोकल्या, मोटर गोल असते म्हणून तिच्यासाठी पट्टीला अर्धगोल खाच काढली, तिपाईचे पाय अडकवायला दोन खुंट्या केल्या. बाभूळ मुद्दाम घेतली, आमच्या वडिलांचं म्हणणं की बैलगाडीच्या चाकाला जे लाकूड टिकतं ते पिकअपला का टिकणार नाही, आणि ते खरंच टिकलं. पट्टीला शेवटपर्यंत काही झालं नाही. प्लाय घेणार असाल तर 710 मार्काचं, म्हणजे पाण्याला टिकणारं घ्या, 303 मधलं साधं घेतलं की पावसाळ्यात पदर सुटतात. लाकडावर खडखड फार कमी असते हा एक मोठा फायदा, रात्री अकराला मंद्रूपवरून परत येताना गाडी शांत चालते, आणि दिवसभर तिपाईशी झटापट केल्यावर ती शांतता किती बरी वाटते ते ज्यांनी केलंय त्यांनाच कळेल. मोटरखाली मी जुनी सोलापुरी चादर चौपदरी घालून टाकायचो, तिच्यासारखी गादी दुसऱ्या कशाची होत नाही. फक्त ती ओली झाली की चार दिवस वाळत नाही आणि तेवढे चार दिवस खालचं सगळं ओलं राहतं.

हीच ओल पुढं महागात पडली. प्लायच्या तळाखाली काय चाललंय ते दोन वर्षं बघितलंच नव्हतं. वरून झाडून घ्यायचो, वरून पाणी मारायचो, वरून सगळं स्वच्छ. एकदा केबिनच्या बाजूचा कोपरा थोडा दबतोय असं वाटलं म्हणून तळ उचलला, तर खाली बोटभर जाडीचा काळ्या मातीचा थर, त्यात कडब्याचं भुसकट, ग्रीस, पावसाचं पाणी, सगळं मिळून शेणासारखा लगदा झालेला. तो खरवडला तर पत्र्याला गंजाचे फोड आलेले, आणि एका फोडावर स्क्रूड्रायव्हरचं टोक नुसतं टेकवलं तर ते आरपार गेलं. खाली रस्ता दिसला. ती गाडीची चूक नव्हती, माझ्या तळाची होती. आपली काळी माती ओल धरून ठेवते हे शेतात बरं असतं, पत्र्यावर नाही. फळीच वापरायची असेल तर ती एकसंध तुकड्यात नको, तीन-चार तुकड्यांत करा आणि महिन्याला एकदा उचला. मी उचललं नाही.

हौद्याला पॅच मारून घेतला आणि तिथंच वेल्डिंगवाल्याला म्हणलो, आता रॅकच करून टाका. तो अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या बाजूचा, हात फार चांगला. म्हणला, “मालक, एकदा करतो, परत बघायचं काम नाही.” आणि खरोखर मजबुतीत त्याला तोड नव्हती. 40 बाय 40 बाय 5 चा अँगल, डाव्या बाजूला पाईपांची तीन कप्प्यांची मांडणी, उजवीकडं मोटरीचा पाळणा, मागं अवजारांच्या पेटीला चौकट, पुढं केबलच्या बंडलाला आडवा दांडा. रेड ऑक्साईड मारून वरून काळा रंग. गड्ड्याच्या यात्रेच्या आधल्या आठवड्यात गाडी बाहेर आली तेव्हा चार जणांनी थांबवून बघितली. पहिल्या वर्षी मी स्वतः दहा लोकांना तेच करायला सांगितलंय.

रॅकची जी कुरकुर सगळे करतात, ती वजनाची. या मापाचा अँगल मीटरला तीन किलो भरतो, माझ्या रॅकला तीसेक मीटर गेला, म्हणजे 90 किलो लोखंड रिकाम्या गाडीत कायमचं बसलं. एक मोटर आणि वर अवजारांची पेटी एवढं वजन कमी नेता येतं असा त्याचा अर्थ. दुसरी कुरकुर म्हणजे रॅक निघत नाही. दिवाळीच्या आधी मेहुण्याची कपाटं न्यायची होती, हौदा अडलेला म्हणून दुसरी गाडी सांगावी लागली. मोटर वाहन कायद्याचं कलम 52 पण ध्यानात ठेवा, आरसी बुकात जे लिहिलंय त्यात फरक पडेल असा बदल गाडीत करता येत नाही, त्यामुळं रॅक हौद्याच्या बाहेर काढून लांबी-रुंदी वाढवायच्या भानगडीत पडू नका. हौद्यातल्या हौद्यातच ठेवा. आणि गाडीवर वेल्डिंग करताना बॅटरीची वायर काढून ठेवायला लावा, हल्लीच्या गाड्यांत ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर असतो, तो उडाला तर रॅक फार महागात पडतो.

पण ही कारणं मला चालली असती. वजन सोसलं असतं, कपाटाला दुसरी गाडी सांगितली असती. मी रॅक काढला तो दुसऱ्याच कारणानं, आणि ते कारण ऐकून लोकांना किरकोळ वाटतं. हौदा झाडता येत नव्हता.

रॅकला एकूण सोळा पाय होते. प्रत्येक पायाखाली चार इंची पट्टी, ती हौद्याला बोल्ट केलेली. सगळ्यात खालचा आडवा अँगल हौद्यापासून दोन इंच वर. त्या दोन इंचात झाडू जात नाही. हात जातो पण बोटं सोलून निघतात. पाणी मारलं तर माती फाळक्याकडं, म्हणजे हौद्याच्या मागच्या उघडणाऱ्या झडपेकडं, वाहून यायच्या ऐवजी प्रत्येक पायाशी अडते आणि तिथंच वाळते. आमचा पोरगा रोज संध्याकाळी खुरपं घेऊन गुडघ्यावर बसायचा आणि एकेक पाय खरवडायचा, सोळा पाय, अर्धा तास. महिनाभर केलं त्यानं, मग एक दिवस म्हणला, “अण्णा, हे काय संपत नाही ओ.” मीही म्हणलो राहू दे, आपण काय हौद्यात जेवायला बसणार आहोत का.

मग ती माती काय करते ते मंगळवेढ्याच्या बाजूच्या एका डाळिंबाच्या बागेत कळलं. सप्टेंबरचा महिना, बोअर खोल, मोटर तीनशे फुटावर, म्हणजे दहा फुटी तीस पाईप. पाच पाईपांचे आटे गेलेले म्हणून पाच नवीन आणले होते, ते माझ्याच हौद्यातून, रॅकच्या खालच्या कप्प्यातून. मोटर सोडली, चालू केली, पाणी आलं पण निम्मंच. मोटर ठीक, व्होल्टेज ठीक. बोअरच्या तोंडाशी कान लावला तर आतून बारीक सूंऽऽ असा आवाज, कुठंतरी जॉईंट गळतोय. परत सगळं वर काढायला घेतलं. चौदाव्या पाईपाला सापडलं, नव्या पाईपाच्या चौकोनी आट्यात एक खडा, ज्वारीच्या दाण्याएवढा, काळा, आणि त्यानं आतली रबर रिंग कापलेली. एवढीशी चीर होती, नखाएवढी. खडा कुठून आला ते विचारायची गरजच नव्हती, पाईप उचलताना त्याच्या तोंडात रॅकच्या पायाशी साठलेली माती गेलेली. पाईप जोडताना आटे पुसतो आपण, पण घाईत फडकं एकदा फिरवतो आणि सोडतो.

बागवाला भला माणूस होता, काही बोलला नाही, उलट दुपारी कडक भाकरी आणि शेंगाचटणी आणून दिली. पण अख्खा दिवस गेला, दुसऱ्या दिवशीचं काम पुढं ढकललं, आणि चूक आपली म्हणून पैसे घ्यायला मन झालं नाही. परत येताना सगळ्या रस्त्यानं एकच विचार, की जो हौदा रोज झाडता येत नाही त्याच्यात पाईप ठेवायचे नाहीत. बाकी सगळं जमवता येतं.

तर चॅनल. हा काही नवीन शोध नाही, छतावर सोलर बसवणारे आणि एसीच्या पाईपलाईन टाकणारे जो वापरतात तोच स्ट्रट चॅनल, 41 बाय 41 एमएमचा, एका बाजूनं तोंड उघडं, तोंडाच्या कडा आत वळलेल्या, पाठीला लांबट भोकं. आत स्प्रिंग नट बसतो, तिरका घालायचा, पाव फेरा फिरवायचा, तो कडांना दात लावून धरतो, मग वरून एम-10 चा बोल्ट. 17 चा एक पाना असला की सगळं काम होतं. सोलर वाढल्यापासून तीन मीटरचे नग मोठ्या हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळतात, आणि सोलरवाल्यांची ओळख असेल तर उरलेले तुकडे बरेच स्वस्तात पडतात.

माझी रचना अशी. हौद्याच्या दोन्ही बाजूंना, आतून, तीन-तीन उभे तुकडे, प्रत्येकी सव्वा फुटाच्या आसपास. त्यांच्यावर आडवे तीन बार, एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत, साडेपाच फुटाचे. बार हौद्यापासून वीतभर वर. एवढंच. तळाला एकही पाय नाही, एकही बोल्ट नाही. तीन नगांत सगळं बसलं आणि पाचेक फूट उरलं. वजन म्हणाल तर मीटरला अडीच किलोच्या आसपास धरा, म्हणजे चॅनल 20 किलोच्या आत-बाहेर, पट्ट्या आणि बोल्ट वेगळे. मोटर दोन बारवर लांबीनं झोपते, पण मधोमध नाही, डाव्या कडेला, म्हणजे भार उभ्या तुकड्यांवर येतो आणि बार वाकत नाही. तिपाई उजवीकडं. पाईप तिन्ही बारवर. पीव्हीसीचा पाईप दोनच टोकांवर ठेवला तर मे महिन्याच्या उन्हात मधे झोळ येतो, म्हणून मी दोनवर भागवलं नाही, तीन बार केले. अवजारांची पेटी मागच्या बारला खालून लटकते, तिच्याखालूनही झाडू जातो.

पाईप दहा फुटाचा आणि माझा हौदा नऊ फुटाचा, मग मागं एक फूट बाहेर येणार असं वाटतं. पण नऊ बाय साडेपाचच्या हौद्याचा कर्ण साडेदहा फूट भरतो, त्यामुळं चार-पाच पाईप तिरके टाकले की आत बसतात. रॅकमध्ये हे शक्यच नव्हतं, तिथं कप्पे सरळ होते आणि शेपूट बाहेर राहायचं. जास्त पाईप असले की पुढचं टोक केबिनमागच्या जाळीवर चढवून बांधतो. लाल फडकं बांधलं की माल बाहेर काढायला चालतं अशी आपल्याकडं समजूत आहे, ती सोडून द्या, 2019 च्या सुधारणेपासून कलम 194(1अ) खाली 20,000 रुपये दंड आहे आणि माल उतरवायचा खर्च वेगळा. दंडाचं सोडा, रात्री मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला तो पाईप दिसत नाही, तेवढं एक कारण पुरे आहे.

आता चॅनलचे दोष, कारण ते आहेत आणि पहिल्या दोन महिन्यांत मी त्यांनी वैतागलो होतो.

पहिला म्हणजे घसरणं. उभ्या चॅनलमध्ये नट फक्त पकडीवर असतो. वजन खाली ओढतंय आणि कामतीच्या पुढं आतल्या रस्त्याला गाडी आदळतेय, तर बार दिवसाला अर्धा-एक सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) खाली सरकायचा. कितीही आवळा. इथं बऱ्याच जणांचा चॅनलवरचा विश्वास उडतो आणि ते वेल्डिंग करून टाकतात. तसं करू नका. एक तर चॅनल गॅल्व्हनाईज्ड, म्हणजे जस्ताचा थर दिलेला असतो, त्याच्यावर वेल्डिंग केलं की जस्ताचा पांढरा धूर निघतो, तो छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप येतो, वेल्डिंगवाल्यांना हे चांगलं माहीत असतं. आणि दुसरं, उपाय फार सोपा आहे. चॅनलच्या पाठीला भोकं असतात, बार ज्या ब्रॅकेटनं उभ्या तुकड्याला जोडलाय त्याच्या बरोबर खालच्या भोकातून एक आडवा बोल्ट आरपार टाका. ब्रॅकेट त्याच्यावर टेकतं. भार बोल्टवर, नटाचं काम फक्त धरून ठेवायचं. त्या दिवसापासून एक सूतही सरकला नाही.

दुसरा दोष आवाजाचा. लोखंडावर लोखंड वाजतं, लाकडाची शांतता इथं नाही. ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून बारवर गुंडाळल्या, बऱ्यापैकी बसला आवाज. पूर्ण गेला असं म्हणणार नाही.

तिसरा म्हणजे चॅनलच्या तोंडात धूळ बसते. उभ्या तुकड्यांत बसत नाही, खाली गळून जाते, म्हणूनच बाजूंना उभे घ्या म्हणतो, आडवे घेऊ नका. आडव्या बारमध्ये मात्र बसते. इंचभर जाडीचा काळा एचडीपीई पाईप प्रत्येक शेतात पडलेला असतो, तो उभा चिरायचा, दाबून चॅनलच्या तोंडात सारायचा, आत जाऊन तो फुलतो आणि तोंड बंद होतं. जिथं क्लँप हवा तिथं तेवढा तुकडा कापून काढायचा. पावसाचं पाणी पाठीच्या भोकांतून निघून जातं.

आणि एक अडचण अशी की हे सगळ्यांच्या गाडीला जमणार नाही. माझ्या हौद्याच्या बाजू पक्क्या आहेत, खाली पडत नाहीत. ज्यांचे तिन्ही फाळके उघडतात त्यांनी बाजूला चॅनल लावून उपयोग नाही, एकतर फाळका उघडणार नाही आणि बिजागरीवर भार येईल तो वेगळाच. त्यांना केबिनकडच्या भिंतीचा आणि तळाचा आधार घेऊनच काहीतरी करावं लागेल, आणि मग बहुतेक वेल्डिंगचाच रॅक बरा, फक्त पाय कमीत कमी आणि खालचा अँगल वीतभर वर ठेवायला सांगा. ज्यांचा माल वर्षानुवर्षं एकच आणि जड आहे, म्हणजे कायमचा बसवलेला जनरेटर किंवा कॉम्प्रेसर, त्यांनाही मी चॅनल घ्या म्हणणार नाही. तिथं वेल्डिंगच पाहिजे. आणि आठवड्यातून एखाद-दुसरी खेप, तीही कोरड्या सामानाची, तर सरळ फळी करा, पण उचलता येईल अशी.

भोकं असलेला अँगल जो कपाटांना वापरतात, त्यानं भागतं का असं एकानं विचारलं होतं. मी एकदा पेटीपुरता लावून बघितला. पत्रा पातळ, नट रोज ढिले, आणि कडेला हात लागला की चिरतो. गोडाऊनमध्ये ठीक आहे तो.

चॅनलवर खर्च किती येतो ते मी मुद्दाम सांगत नाही, लोखंडाचा भाव महिन्याला बदलतो. एवढं सांगतो की वेल्डिंगवाला रॅक किलोवर लावतो, त्यामुळं वजन वाढलं की बिल वाढतं, आणि चॅनलमध्ये बार स्वस्त पडतात पण नट, ब्रॅकेट, क्लँप यांनी हळूहळू खिसा रिकामा होतो. माझ्या अंदाजानं दोन्ही एकूण जवळपासच गेले. मजुरी मात्र वाचली, कारण चॅनल मी आणि पोरग्यानं दोघांनी मिळून एका रविवारी बसवला.

बसवताना दोन-तीन गोष्टी सांभाळा. ड्रिल मारायच्या आधी बाहेरून वाकून बघा, मागं वायरिंग आहे का, दिव्याची तार जाते का. भोकाची कड कानसीनं साफ करून तिथं झिंकचा प्रायमर लावा आणि तो वाळल्यावरच बोल्ट घाला, नाहीतर गंज तिथूनच सुरू होतो, मला एकदा रस्ता दिसलाय हौद्यातून. चॅनल जिथं कापाल त्या कडांनाही तोच प्रायमर. बोल्ट बाहेरून नुसत्या वायसरवर आवळू नका, हौद्याचा पत्रा पातळ असतो, वायसर आत रुततो. पाच एमएमची हातभर पट्टी बाहेरून लावा, दोन्ही बोल्ट त्या पट्टीतून घ्या, म्हणजे भार पसरतो. सामान नेहमी केबिनकडच्या भिंतीला टेकवूनच ठेवा, अचानक ब्रेक लागला की मधलं अंतरच घात करतं. नट नायलॉकचे, म्हणजे आत नायलॉनची रिंग असलेले घ्या, आणि एकदा काढलेला नायलॉक परत लावू नका, पहिल्या आठवड्यात एकदा सगळे आवळून बघा.

हल्ली संध्याकाळी गाडी दारात लागली की पोरगा आधी बेल्ट सोडतो, मोटर खाली घेतो, मग लांब दांड्याचा झाडू घेऊन केबिनपासून फाळक्यापर्यंत एकच हात मारतो. बारच्या खालून, एका दमात. वर दोन बादल्या पाणी. पाच मिनिटं लागतात. पाईप आत ठेवायच्या आधी मी हौद्यावरून तळहात फिरवून बघतो, खडा लागतो का, ही सवय त्या डाळिंबाच्या बागेपासूनची आहे. गेल्या तीन पावसाळ्यांत आटे खराब म्हणून एकही मोटर परत वर काढावी लागलेली नाही. त्यातलं किती श्रेय चॅनलचं आणि किती आट्यांवर दोनदा फडकं फिरवण्याचं, ते मला वेगळं करून सांगता येणार नाही, पण कुणी विचारलं की मी त्याला आधी माझा हौदा दाखवतो.